खडा नऊचा की सहाचा? सीटी-सोनोग्राफीच्या पडद्यावर मापं कशी बदलतात

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या काही पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आज नागपूरहून नाही, अड्याळहून बोलतोय. भंडारा-पवनी रस्त्यावरचं आमचं गाव. पुष्कळांना अड्याळ म्हटलं की अड्याळ टेकडी आठवते, पण ती तिकडे ब्रह्मपुरी तालुक्यात, चंद्रपूर जिल्ह्यात. आमचं अड्याळ वेगळं. घरच्या पडवीत बसलोय, मागे कूलरचा आवाज येत राहील, तेवढा सांभाळून घ्या. कूलर बंद केला तर हा भाग पूर्ण होणार नाही, इतकं ऊन आहे.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगतो. मी सीटी स्कॅनच्या मशीनवर बसणारा टेक्निशियन. पेशंटला टेबलवर झोपवणं, "श्वास घ्या, रोखून धरा" म्हणणं, स्कॅन काढणं, चित्रं तयार करून रेडिओलॉजिस्टकडे पाठवणं, फिल्म छापणं, हे माझं काम. निदान करणं माझं काम नाही. पण आज ज्या गोष्टीवर बोलायचंय ती अगदी माझ्या टेबलावरची आहे.

गोष्ट घरातलीच आहे. दोन वर्षांपूर्वी चैत्रात मी घोडायात्रेला गावी आलो होतो. तेव्हा आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पाहुण्यांना दोन रिपोर्ट दाखवत बसले होते. पहिला सोनोग्राफीचा, माघातला. उजव्या किडनीत ९ मिमीचा खडा. दुसरा सीटीचा, आठवड्याभरापूर्वीचा, दुसऱ्या गावच्या सेंटरमधला. त्यात खडा ६ मिमीचा. मधल्या काळात मोठेबाबा रोज सकाळी पानफुटीची पानं चावून खात होते, कुळथाचं पाणी पीत होते, आणि कुणीतरी दिलेली एक पुडीही सुरू होती. मला पाहताच म्हणाले, "तू मशीनवर बसते ना? सांग मले. नऊचा होता, सहाचा झाला. अजून दोन महिन्यात साफ होते का नाही?"

दुखणंही थांबलं होतं. घरात आनंद. मोठी आईनं पानफुटीच्या कुंडीला हळदकुंकू तेवढं लावायचं बाकी ठेवलं होतं.

मी सीटीची सीडी मागितली. ती नव्हती, सेंटरवरून घेतलीच नव्हती. फिल्म होती. फिल्म उन्हाकडे धरून पाहिली, आणि रिपोर्टमधली खालची ओळ वाचली जी घरात कुणीच वाचली नव्हती. खडा आता किडनीत नव्हता. तो मूत्रनलिकेत उतरून वरच्या भागात अडकला होता आणि उजवी किडनी सुजली होती. रिपोर्टच्या भाषेत हायड्रोनेफ्रोसिस. आकडा लहान झाला होता आणि दुखणं मोठं झालं होतं.

मग प्रश्न असा की ते तीन मिलिमीटर गेले कुठे?

सांगतो. पण त्यासाठी थोडं मशीनच्या पोटात शिरावं लागेल.

सीटीचं मशीन शरीराचा फोटो काढत नाही. ते शरीराच्या प्रत्येक बारीक चौकोनासाठी एक आकडा काढतं. त्या आकड्यांना हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात, गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज इंजिनिअरच्या नावावरून. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात त्यांच्या मशीनवर पहिल्या पेशंटचा मेंदू स्कॅन झाला. १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यांच्या मोजपट्टीवर पाणी म्हणजे शून्य. हवा म्हणजे उणे १०००. चरबी उणे शंभरच्या आसपास. मांस, किडनी, लिव्हर हे शून्याच्या थोडं वर, तीस-चाळीस-पन्नास. हाड काही शे ते हजाराच्या वरपर्यंत. आणि मुतखडा, कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर हजारच्या घरात जातो.

आता गंमत बघा. मशीनकडे साधारण चार हजार वेगवेगळे आकडे आहेत. पडद्यावर दाखवायला करड्या रंगाच्या छटा असतात त्या साधारण २५६. चार हजार पायऱ्यांचा जिना २५६ पायऱ्यांत बसवायचा कसा? नाहीच बसत. म्हणून आम्ही त्यातला एक तुकडा निवडतो. अमुक आकड्याच्या खालचं सगळं काळं, अमुकच्या वरचं सगळं पांढरंफक्क, आणि मधल्या तुकड्याला सगळ्या छटा वाटून द्यायच्या. या तुकड्याला विंडो म्हणतात. त्याची रुंदी म्हणजे विंडो विड्थ, आणि त्याचा मध्य म्हणजे लेव्हल. पोटासाठी रुंदी ४००, लेव्हल ४० असं साधारण लावतात. म्हणजे उणे १६० च्या खाली काळं, २४० च्या वर पांढरं. हाडासाठी रुंदी दोन हजारच्या आसपास, लेव्हल चार-पाचशे. फुप्फुसासाठी रुंदी १५००, लेव्हल उणे ६००.

माऊस दाबून ओढला की विंडो बदलते. नवे पोरं शिकायला येतात ते पहिल्या दिवशी हेच करत बसतात, चित्र काळं कर, पांढरं कर. त्यांना मी म्हणतो, बाबा, तू नुसता रंग बदलत नाहीयेस, तू काठ सरकवतोयस.

काठ कसा सरकतो ते समजायला आपल्या भंडाऱ्याइतकी सोयीची जागा नाही. तलावांचा जिल्हा आपला. मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या. आता मला सांगा, बोडीची रुंदी किती? तुम्ही विचाराल, कधीची? भादव्यातली की वैशाखातली? बरोबर. बोडीचा काठ उतरता असतो, म्हणून पाणी हातभर चढलं की काठ पाचदहा हात मागे सरकतो. पण विहिरीत पाणी हातभर चढलं तर रुंदी बदलते का? नाही. तिची भिंत उभी आहे.

सीटीच्या चित्रातला कुठलाही काठ विहिरीसारखा उभा नसतो. तो बोडीसारखा उतरता असतो. चित्र ज्या चौकोनांचं बनतं त्यांनाही आकार आहे. साडेतीनशे मिलिमीटरचं पोट ५१२ चौकोनांत बसवलं तर एक चौकोन ०.६८ मिमीचा झाला. वर स्लाइसची जाडी. एखादा चौकोन अर्धा खड्यात आणि अर्धा बाहेर असला तर त्याला दोन्हीच्या मधला आकडा मिळतो. म्हणून खड्याच्या मध्यात हजार, मग आठशे, पाचशे, दोनशे, आणि मग शेजारच्या मांसाचे तीस. असा उतार.

आता या उतारावर खड्याचा खरा काठ कुठे? साधा हिशेब आहे, मधोमध. खडा हजार आणि शेजार तीस असेल तर सव्वापाचशेच्या जवळपास. लेव्हल तिथे ठेवली तर डोळ्याला दिसणारा काठ खऱ्या काठाजवळ येतो. पण पोटाची विंडो लावलीत, लेव्हल ४०, तर २४० च्या वरचं सगळं पांढरं. म्हणजे खड्याच्या भोवतीचा तो उतारसुद्धा पांढरा, आणि तो खड्यातच मोजला जातो. तलावातल्या टेकडीसारखं समजा. पाणी खाली आहे म्हणून टेकडीचा पायथासुद्धा उघडा पडलाय, बेट मोठं दिसतंय. लेव्हल वर नेली की पाणी चढतं आणि बेट लहान होतं.

किती फरक पडेल? कागदावर हिशेब करून पाहू. समजा उतार दोन मिलिमीटरमध्ये उतरतो, हजारपासून तीसपर्यंत. म्हणजे मिलिमीटरमागे ४८५. डोळा पोटाच्या विंडोत १४० च्या आसपास काठ धरतो असं मानू, तर खऱ्या काठापासून पाऊण मिलिमीटर बाहेर. एका बाजूला पाऊण, दुसऱ्या बाजूला पाऊण, एकूण दीड. पाच मिलिमीटरचा खडा साडेसहाचा दिसला. स्कॅन तोच, पेशंट तोच, वेळ तीच.

हा नुसता माझा कागदी हिशेब नाही. २००९ मध्ये जर्नल ऑफ युरॉलॉजीत एक अभ्यास आला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की खडा मोजायचा तर बोन विंडोत, चित्र मोठं करून मोजा, पोटाच्या विंडोत माप चुकतं. खडा मोजताना चांगले रेडिओलॉजिस्ट हेच करतात.

पण "बोन विंडो लावा" हा मंत्र समजू नका. युरिक ॲसिडचा खडा असतो, तो तीनशे-चारशेच्या घरातलाच. त्याचा अर्धा म्हणजे दोनशेच्या जवळपास. त्याला बोन विंडोत लेव्हल पाचशेवर ठेवून मोजलं तर तो मळकट, आणि असेल त्यापेक्षा लहानही वाटू शकतो. मशीनवर छापील बटण असतं, "बोन", "लंग", "ॲब्डोमेन". बटण दाबून मोकळं होण्याची सवय आम्हा लोकांनाही आहे. कबूल करतो.

फुप्फुसात तर हे सगळं उलटं होतं. तिथे शेजार हवेचा, उणे साडेआठशे. त्यात मांसाची एक गाठ, समजा चाळीस. मधोमध म्हणजे उणे चारशेच्या आसपास. तिथे पोटाची विंडो लावली तर उणे १६० च्या खालचं सगळं काळं, म्हणजे गाठीचा अर्ध्याहून जास्त उतार अंधारात गेला. गाठ लहान दिसते. धुक्यासारखी विरळ गाठ असेल तर ती दिसतच नाही. एकच विंडो मुतखडा मोठा दाखवते आणि फुप्फुसातली गाठ लहान दाखवते. म्हणून फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या शिफारशींत स्पष्ट सांगितलंय की गाठ लंग विंडोत मोजा, लांबी-रुंदीची सरासरी घ्या आणि जवळच्या पूर्ण मिलिमीटरला आणा. त्यांच्याच नियमात ६ मिमीच्या खालच्या एकट्या घट्ट गाठीला, पेशंटला धोका कमी असेल तर, पुन्हा पुन्हा स्कॅन करायची गरज नाही. म्हणजे पाच आणि सात यांच्यामध्ये माणसाची झोप आहे. आपल्याकडे जुन्या टीबीच्या वाळलेल्या खुणा फुप्फुसात सर्रास सापडतात, त्यामुळे असे रिपोर्ट घेऊन घाबरलेली माणसं मी रोज पाहतो.

कॅन्सरच्या पेशंटचं तर विचारूच नका. केमोचा उपयोग होतोय की नाही हे ठरवायला रेसिस्ट नावाचे नियम आहेत, २००९ ची सुधारित आवृत्ती चालते. निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्के कमी झाली तर उपयोग होतोय. २० टक्के आणि किमान ५ मिमी वाढली तर आजार पुढे गेला. तो ५ मिमीचा अडसर उगाच नाही घातलेला. दहा मिलिमीटरची गाठ बारा झाली की हिशेबाने २० टक्के वाढ झाली, आणि दोन मिलिमीटर तर विंडो आणि हात यांच्यातच जातात. म्हणून दर वेळी तीच विंडो, तीच स्लाइसची जाडी, आणि जमलं तर मोजणारा माणूसही तोच.

आता सोनोग्राफीकडे येतो, कारण मोठेबाबांचा नऊचा आकडा तिथून आला होता.

सोनोग्राफीत हाउन्सफिल्डसारखी ठरलेली मोजपट्टी नाही. आवाज आत जातो, आपटून परत येतो, परत आलेला आवाज किती वाढवून दाखवायचा हे एका बटणावर. त्याला गेन म्हणतात. रेडिओच्या आवाजाचं बटण समजा. गेन वाढवला की उजळ वस्तू फुगते. खडा तर खूप उजळ. शिवाय आवाजाचा झोत जसा खोल जातो तसा पसरतो, त्यामुळे खोलवरचा खडा आडवा ताणला जातो. लहान खडे सोनोग्राफीत खऱ्यापेक्षा मोठे दिसतात हे पुष्कळ अभ्यासांत आलंय. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक सुरेख तोड काढली. खडा मोजण्याऐवजी त्याच्या मागे पडणारी सावली मोजा, ती खऱ्या मापाच्या जास्त जवळ असते. मला हे फार आवडलं. खडा फुगवून सांगतो, सावली कमी फुगवते.

आणि जिथे वस्तू नाही, पोकळी मोजायचीय तिथे? गेन वाढवला तर दोन्ही बाजूंच्या रेषा जाड होतात आणि मधली पोकळी आकसते. गरोदर बाईच्या ११ ते १४ आठवड्यांतल्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात, एनटी म्हणतात त्याला. दशांश मिलिमीटरचा मामला. साडेतीनच्या वर गेलं तर पुढच्या तपासण्या. लंडनच्या फिटल मेडिसिन फाउंडेशनने यासाठी नियम घालून दिलेत, त्यात लिहिलंय की चित्र मोठं करताना गेन कमी करा, नाहीतर धूसर काठावर खूण ठेवली जाते आणि माप खऱ्यापेक्षा कमी येतं. खड्याच्या बाबतीत चूक झाली तर निदान जास्तीची काळजी होते. इथे उलट, काळजी करायला हवी तिथे निर्धास्त होतो आपण.

तर परत मोठेबाबांकडे. दुसऱ्या दिवशी सेंटरवर जाऊन सीडी घेतली. त्यांनी लगेच दिली, आम्हीच मागितली नव्हती. लॅपटॉपवर उघडली. पोटाच्या विंडोत मी मोजला तर साडेसात आला. बोन विंडोत सहा. म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्यानं नीट मोजलं होतं. मग सोनोग्राफीचा जुना कागद पाहिला, थर्मल पेपरवरचं ते छोटं चित्र. सगळं पांढरं पांढरं, गेन चढलेला, खड्याभोवती धुकं. नऊ त्या धुक्यासकट होते. मी तिथे नव्हतो, छातीठोक सांगता येत नाही, पण माझं मत असं की खडा माघातही सहाचाच होता. तो झिजला नव्हता, जागा सोडून खाली गेला होता.

मोठेबाबांना हे सांगणं मशीन समजावण्यापेक्षा कठीण. ते म्हणाले, "मंग माह्या पानफुटीचं काय?" मी म्हटलं, बाबाजी, पाणी भरपूर प्यालात त्याचा फायदा झाला असेल, पण कॅल्शियमचा खडा पानानं विरघळत नाही. युरिक ॲसिडचा असता तर डॉक्टर लघवीचा आम्लपणा कमी करणारं औषध देतात, त्यानं विरघळू शकतो. तुमचा सीटीवर हजारच्या वर आहे, तो त्यातला नाही. "पण दुखत तर नाही ना आता." तीच तर भीती होती. नळी अडली आणि किडनीनं काम कमी केलं की दुखणं थांबू शकतं. खडा पडला म्हणून थांबलं की किडनी थकली म्हणून, हे पोटाला हात लावून कळत नाही.

आमच्या चुलत भावानं तोवर फिल्मचा फोटो काढून नागपूरच्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. ट्यूबलाइटवर धरून. त्यात खडा चांगला वाटाण्याएवढा दिसत होता! मोबाइलचा कॅमेरा स्वतःच उजेड ठरवतो, पांढरं आणखी पसरतं. वर फिल्म म्हणजे गोठलेली विंडो. छापताना जी विंडो होती तीच, नंतर कुणी बदलू शकत नाही. फिल्मवर पट्टी ठेवून मोजणारेही मी पाहिलेत. फिल्मवरचं चित्र शरीराच्या मापाचं नसतं, लहान करून छापलेलं असतं. बाजूला सेंटिमीटरच्या खुणांची उभी रेघ असते, मोजायचंच तर तिच्याशी ताडून. डॉक्टरांनी शहाणपणा केला. फोटोवरून काही न सांगता "सीडी घेऊन या" एवढंच लिहिलं.

सीडीत, किंवा आता पेनड्राइव्हवर किंवा लिंकवर देतात त्यात, आकडे जसेच्या तसे असतात. एका चौकोनाचं माप किती मिलिमीटर हेही त्यात असतं. म्हणून ते चित्र तुम्ही चारपट मोठं केलंत तरी माप बिघडत नाही. स्क्रीनशॉट काढला की हे सगळं गळून जातं, राहतो नुसता फोटो. पडद्याचंही थोडं आहे. रिपोर्टिंगचे मॉनिटर डायकॉमच्या ठरलेल्या करड्या पट्टीनुसार तपासून घेतात आणि खोलीत अंधार ठेवतात, तो काही एसीसाठी नाही.

नागपूरला युरॉलॉजिस्टनी सीडी लावली. आधी त्यांनीही विंडो ओढली, मला मनात बरं वाटलं. सहा मिलिमीटरचा खडा, पाणी पिऊन पडण्याची शक्यता असते, एरवी काही आठवडे वाट पाहिली असती म्हणाले. पाच आणि त्याखालचे बहुतेक पडतात, दहाच्या वर सहसा थांबत नाहीत, मधल्यांचं पाहून ठरवतात. पण सुजलेली किडनी आणि गेलेले महिने बघून त्यांनी वाट पाहिली नाही. दुर्बीण घालून लेझरनं खडा फोडला, नळीत स्टेंट ठेवला, तो पुढे काढला. किडनी वाचली. डाव्या किडनीच्या मानानं थोडी मंद चालते असं नंतरच्या तपासणीत आलं.

खड्याचे तुकडे बाटलीत दिले होते. मोठेबाबांनी ते घरी आणून पट्टीवर मोजायचा प्रयत्न केला. तुकडे झालेत ते, मी म्हटलं, आता काय मोजता. म्हणाले, "तुह्या मशीनपेक्षा बरं मोजतो."

गावात हे सांगितल्यापासून लोक रिपोर्ट घेऊन येतात. आजही पडवीत दोघे बसलेत. मी त्यांना दोनच गोष्टी विचारतो. दोन्ही रिपोर्ट एकाच प्रकारच्या तपासणीचे आहेत का? आणि सीडी आणली का? एकदा सोनोग्राफी आणि एकदा सीटी असेल तर त्यांची वजाबाकी करू नका. सीटी-सीटी असेल तर रेडिओलॉजिस्टना जुनी सीडी देऊन म्हणा, "दोन्ही शेजारी लावून मोजा." त्यांना राग येत नाही, उलट जुनी चित्रं मिळाली तर त्यांचं काम सोपं होतं. आणि आकड्याच्या आधी खडा कुठे आहे, किडनी सुजली आहे का, ती ओळ वाचा.

पानफुटी अजून आहे अंगणात. मोठेबाबा रोज दोन पानं खातातच. वर्षाकाठी सोनोग्राफी करून घेतात, त्याच सेंटरवर, आणि आत जातानाच डॉक्टरीणबाईंना म्हणतात, "मॅडम, गेन जरा कमी ठेवजा जी."